कंस दिसतो ती सरळ रेषा, सरळ दिसते तो वक्र: हायपरबोलिक प्रतलातले वक्र कसे ओळखायचे

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: ‘हायपरबोलिक भूमितीत चकतीच्या आत वर्तुळाचे कंस काढतात आणि त्यांनाच सरळ रेषा म्हणतात. पुढे वर्तुळ, होरोसायकल, हायपरसायकल अशी नावे येतात, आणि चित्रात तीही वर्तुळेच दिसतात. कंसाला सरळ का म्हणायचे? आणि हे सगळे एकमेकांपासून वेगळे ओळखायचे कसे?’

मी बरीच वर्षे हा विषय पदवीच्या वर्गांना शिकवते. बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच अडतात आणि व्याख्या पाठ करून पुढे जातात. तसे करू नका. हा प्रश्न नीट सुटला तर उरलेला निम्मा विषय आपोआप उलगडतो.

उत्तराचा गाभा आधी सांगते. हायपरबोलिक प्रतल म्हणजे असे प्रतल, जिथे रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला न छेदणाऱ्या एक नव्हे तर अनेक सरळ रेषा जातात. तुमच्यासमोर आहे तो त्याचा नकाशा, खुद्द प्रतल नव्हे. शाळेच्या ॲटलासमध्ये मुंबई ते न्यूयॉर्क हा सर्वांत जवळचा हवाई मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. वैमानिक मात्र डावीकडे वळत नसतो की उजवीकडे. वाकडेपणा कागदाचा असतो, मार्गाचा नसतो. पृथ्वीच्या बाबतीत निदान गोल हातात घेऊन त्यावर दोरा ताणून खात्री करता येते. इथे तीही सोय नाही, कारण संपूर्ण हायपरबोलिक प्रतल आपल्या त्रिमितीय अवकाशात गुळगुळीत पृष्ठभाग म्हणून मांडताच येत नाही, हे जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने १९०१ मध्ये सिद्ध केले. म्हणून नकाशावाचून गत्यंतर नाही, आणि नकाशा वाचायला शिकण्यावाचूनही.

आता आलेखाचा कागद घ्या. चकतीपेक्षा सोपा असा दुसरा नकाशा आहे, त्याला वरचे अर्धप्रतल म्हणतात. क्ष-अक्ष ही त्याची कड. कडेच्या वरचा भाग म्हणजे आपले प्रतल, आणि कड स्वतः प्रतलात येत नाही. मोजमापाचा नियम एकच: कडेपासून ‘य’ उंचीवर काढलेल्या बारीकशा रेघेची खरी लांबी म्हणजे कागदावरची लांबी भागिले य. याचा अर्थ असा, की कडेजवळ कागदावरचा सेंटिमीटरसुद्धा फार लांब असतो, आणि वर जावे तसा तो स्वस्त होत जातो. गल्लीबोळांतून वाट काढण्यापेक्षा थोडा वळसा घेऊन हायवेला लागलेले बरे पडते, तसे.

(−५, १) आणि (५, १) हे दोन बिंदू घ्या. पट्टीने आडवी रेघ ओढून त्या रेघेवरून चाललात, तर उंची सतत १ असल्यामुळे खरे अंतर १० एकक. आता उभे वर चढा, ५ उंचीपर्यंत जा, तिथून आडवे जा आणि पलीकडे खाली उतरा. चढण्याचे अंतर ५ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे १.६१. आडवे अंतर १० भागिले ५, म्हणजे २. उतरण्याचे पुन्हा १.६१. एकूण ५.२२. कागदावर हा रस्ता कितीतरी लांब दिसतो, पण प्रत्यक्षात तो जवळपास निम्मा आहे! आता त्याचे कोपरे घासून गोल करा. उत्तम रस्ता मिळतो तो म्हणजे आरंभबिंदू केंद्र धरून या दोन बिंदूंतून जाणारे अर्धवर्तुळ. त्याची लांबी ४.६२ भरते आणि याहून कमी लांबीचा रस्ता अस्तित्वात नाही. हे आकडे स्वतः काढून पाहा. कंसाला सरळ म्हणताना जी अढी मनात असते, ती या पाच मिनिटांच्या हिशेबाने सुटते. निदान माझ्या वर्गात तरी ती इतर कशाने सुटलेली मी पाहिलेली नाही.

म्हणजे या नकाशात सरळ रेषा दोन रूपांत दिसतात: कडेवर केंद्र असलेली अर्धवर्तुळे, आणि कडेला लंब असलेल्या उभ्या रेघा. दोन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे. दोन्ही कडेला ९० अंशांनी भिडतात. चकतीच्या नकाशातही तेच, तिथे सरळ रेषा म्हणजे परिघाला काटकोनात भिडणारे कंस किंवा व्यास. हा कोन लक्षात ठेवा, पुढे तोच किल्ली ठरणार आहे.

आता ‘वक्र’ या शब्दाकडे येऊ. रेघ किती वाकडी आहे हे कागदाकडे बघून ठरवायचे नाही, तिच्यावरून चालणाऱ्याला विचारायचे. कल्पना करा, तुम्ही या प्रतलावर गाडी चालवत आहात. स्टिअरिंग अगदी सरळ असेल तर तुमची वाट सरळ रेषा. स्टिअरिंग एका जागी वळवून घट्ट धरले, तर एक एकक अंतर जाताना दिशा जितकी बदलते ती त्या वाटेची वक्रता. ‘एकक’ म्हणजे कोणते, असे कोणी विचारील. युक्लिडच्या प्रतलात एकक आपण लादतो, मीटर घ्या नाहीतर फूट. हायपरबोलिक प्रतलाला मात्र स्वतःचे नैसर्गिक एकक असते, ते खुद्द प्रतलाच्या (वाटेच्या नव्हे) वक्रतेतूनच ठरते. वर अर्धप्रतलात आपण वापरले ते तेच.

सपाट मैदानावर स्टिअरिंग किंचितही वळवून धरले की गाडी आज ना उद्या सुरुवातीच्या जागी येतेच. वळण कमी असेल तर वर्तुळ मोठे, एवढाच फरक. हायपरबोलिक प्रतलावर मात्र एक उंबरठा आहे. दर एककाला १ रेडियन, म्हणजे सुमारे ५७.३ अंश. याहून जास्त वळवत राहिलात तर वर्तुळ पुरे होईल. याहून कमी वळवत राहिलात तर तुम्ही अनंत काळ एकाच बाजूला वळत राहाल आणि तरी कधीही परत येणार नाही. कारण तुम्ही वळता त्याहून वेगाने इथली जागा पसरते. १ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सपाट प्रतलावर ६.२८, इथे ७.३८. त्रिज्या ५ केली तर सपाट प्रतलावर ३१.४, इथे ४६६. त्रिज्या १० केली तर ६२.८ च्या जागी सुमारे ६९,२००. एवढ्या जागेत वळून परत यायचे तर स्टिअरिंग जोरातच वळवावे लागणार.

या एका उंबरठ्यातून चारही वक्र एका रांगेत उभे राहतात. वक्रता शून्य ती सरळ रेषा. शून्य आणि १ यांच्या मधली ती हायपरसायकल. बरोबर १ ती होरोसायकल. १ पेक्षा जास्त ते वर्तुळ. पाठ्यपुस्तकात हे चार वेगवेगळ्या व्याख्यांनी येतात, म्हणून चार परके पाहुणे वाटतात. खरे तर ते एकाच घरातले आहेत, फक्त स्टिअरिंग कमीजास्त वळलेले.

यातली सर्वांत चकवणारी बाब अशी की इथे वर्तुळ कितीही मोठे केले तरी ते सरळ होत नाही. १ त्रिज्येच्या वर्तुळाची वक्रता १.३१३, २ त्रिज्येच्याची १.०३७, ३ त्रिज्येच्याची १.००५. ती १ कडे सरकते, शून्याकडे नाही. त्रिज्या अनंत झाली की वर्तुळाचे होते ते होरोसायकल. म्हणजे केंद्र अनंतावर गेलेले वर्तुळ. ‘प्रचंड मोठ्या वर्तुळाचा तुकडा जवळजवळ सरळच असतो’ ही आपली मुरलेली समजूत फक्त सपाट प्रतलाची आहे.

आता किल्लीकडे. चकतीच्या किंवा अर्धप्रतलाच्या चित्रात हे चारही वक्र वर्तुळे, कंस किंवा रेघा म्हणूनच दिसतात, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. फरक वक्राच्या आकारात शोधू नका, तो कडेला कसा भेटतो ते पाहा. कडेला मुळीच न भिडणारे, पूर्ण आत असलेले ते वर्तुळ. कडेला फक्त स्पर्श करणारी होरोसायकल. कडेला छेदणारी, पण काटकोनात नाही, ती हायपरसायकल. काटकोनात छेदणारी सरळ रेषा. शिवाय छेदणाऱ्या किंवा स्पर्श करणाऱ्या वक्राची वक्रता म्हणजे कडेशी झालेल्या कोनाची कोसाइन. कोन ९० तर कोसाइन शून्य, म्हणजे सरळ. कोन शून्य, म्हणजे स्पर्श, तर कोसाइन १, म्हणजे होरोसायकल. मधला कोणताही कोन म्हणजे हायपरसायकल. कोनमापक ठेवला की वक्रता हातात! मला हे सूत्र फार प्रिय आहे, आणि पहिल्या तासालाच ते का सांगत नाहीत याचे मला नेहमी नवल वाटते.

एक सावधगिरी. वर्तुळ ओळखले तरी त्याचे केंद्र कंपासाच्या टोकाशी शोधू नका. अर्धप्रतलात (०, १) हे केंद्र आणि १ त्रिज्या घेतली तर वर्तुळाचा तळ ०.३६८ उंचीवर येतो आणि माथा २.७१८ वर. कागदावरचा मध्य येतो १.५४३ वर. खरे केंद्र १ वर, म्हणजे कडेच्या बाजूला सरकलेले दिसते. चकतीतही बरोबर मध्यभागी नसलेल्या वर्तुळाची केंद्रे अशीच परिघाकडे सरकतात.

हायपरसायकलवर जरा थांबते, कारण दोन हजार वर्षांची चूक तिथे दडलेली आहे. एका सरळ रेषेपासून एकाच बाजूला ठरावीक अंतरावर असलेले सगळे बिंदू जोडा. सपाट प्रतलावर समांतर रेषा मिळते. शाळेत आपण आगगाडीचे रूळ दाखवतो ते याच जोरावर. हायपरबोलिक प्रतलात मिळते ती हायपरसायकल, सरळ रेषा नव्हे. अर्धप्रतलात हे डोळ्यांनी दिसते. आरंभबिंदूतून निघणारी उभी रेघ सरळ आहे. त्याच बिंदूतून ४५ अंशांत तिरपी रेघ ओढा. आरंभबिंदू धरून सगळे चित्र दुप्पट केले तर कागदावरच्या रेघा दुप्पट होतात आणि उंचीही दुप्पट होते, म्हणून खरी अंतरे तीच राहतात. त्यामुळे तिरप्या रेघेवरचा प्रत्येक बिंदू उभ्या रेघेपासून सारख्याच अंतरावर असतो. ते अंतर ०.८८ एकक. पट्टीने ओढलेली ती तिरपी रेघ कागदावर नाकासमोर जाते, पण तिची वक्रता ४५ अंशांची कोसाइन, म्हणजे ०.७१ आहे. तिच्यावरून जाणाऱ्या गाडीला दर एककाला चाळीस अंश स्टिअरिंग वळवावे लागते, तेही सतत त्या उभ्या रेघेच्या दिशेने. जरा सैल सोडले की गाडी दूर जायला लागते.

म्हणजेच या प्रतलात रुळांची जोडी टाकायची असेल तर दोन्ही रूळ सरळ असू शकत नाहीत. एक सरळ ठेवला तर दुसरा हायपरसायकल होतो, आणि लांबही होतो: १ अंतरावर दीडपटीहून थोडा जास्त, ३ अंतरावर दहापट.

युक्लिडचे पाचवे गृहीतक, म्हणजे रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते या अर्थाचे, इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतल्या कितीतरींमध्ये ‘समान अंतरावरचे बिंदू सरळ रेषेत असतात’ हे नकळत धरलेले होते. इब्न अल्-हैथमने अकराव्या शतकात सरळ रेषेवरून सरकणाऱ्या लंबाचे टोक सरळ रेषा काढते, असा युक्तिवाद केला होता. उमर खय्यामला तो पटला नाही, आणि त्याने तसे लिहून ठेवले. रुबायांसाठी आपण त्याला ओळखतो, पण भूमितीतला त्याचा हा आक्षेपही तेवढाच धारदार होता.

होरोसायकल कागदावर सांगण्यापेक्षा हातात देणे सोपे. कॉर्नेल विद्यापीठातल्या दायना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये क्रोशाने हायपरबोलिक प्रतल विणले, तेव्हापासून जगभरच्या वर्गांत ते विणले जाते. साखळी घालायची, खांब विणत ओळी वाढवायच्या, आणि दर ठरावीक खांबांनंतर एक खांब जादा घ्यायचा. प्रमाण मोडायचे नाही. दहा-पंधरा ओळींत कड झालरीसारखी मुरडू लागते. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणारे ते किरमिजी ‘कोंबड्याचे’ फूल आठवा, त्याचा तुरा याच कारणाने मुरडतो: कडेची वाढ आतल्या भागाहून जास्त. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या ठरावीक पटीने लांब असते, म्हणून या विणकामातल्या ओळी होरोसायकली असतात. आणि सरळ रेषा? विणलेला तुकडा कुठेही दुमडा, घडी बसते ती सरळ रेषा. घडीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने टाके घालून ठेवा. मग ओळ आणि घडी यांतला फरक बोटांना कळतो. घडी लवत नाही, ओळीवर मात्र कापड दुमडायला गेले की ते ऐकत नाही.

होरोसायकलवरून चालणे किती महागात पडते तेही पाहा. अर्धप्रतलात १ उंचीवरची आडवी रेघ ही होरोसायकलच आहे. तिच्यावरून १० एकक चालण्याऐवजी ४.६२ मध्ये पोहोचता येते, ते आपण आधीच काढले. तिच्यावर १०० एकक दूर असलेल्या बिंदूकडे सरळ रस्त्याने गेलात तर अंतर फक्त ९.२१.

एक शेवटची गोष्ट, कारण ती दहावीच्या पुस्तकाला थेट भिडते. तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते, हे आपण लंबदुभाजक काढून शिकलो. हायपरबोलिक प्रतलात हे खरे नाही. दोन लंबदुभाजक एकमेकांना छेदतीलच असे नाही. छेदले तर तीन बिंदूंतून वर्तुळ जाते. ते अनंतावर एकत्र येत असतील तर होरोसायकल जाते. आणि ते एकमेकांपासून दूरच जात असतील तर हायपरसायकल. तेच तीन वक्र पुन्हा, त्याच रांगेत. हंगेरीतला फार्कश बोयोई आयुष्यभर पाचव्या गृहीतकाच्या मागे होता. कोणत्याही तीन नैकरेषीय बिंदूंतून वर्तुळ जाते असे धरले की पाचवे गृहीतक सिद्ध होते, हे त्याने दाखवले. म्हणजे शाळेतला तो साधा वाटणारा गुणधर्म हे पाचवे गृहीतकच, वेगळा सदरा घालून आलेले. या विषयाच्या नादी लागू नकोस असे त्याने मुलाला, यानोशला, कळवळून बजावले होते. मुलाने ऐकले नाही, आणि १८३२ मध्ये वडिलांच्याच ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात नवी भूमिती छापली. रशियात कझानला लोबाचेव्हस्कीने १८२९ पासूनच स्वतंत्रपणे तेच प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. गाउसने हे मनात ओळखले होते, पण छापले नाही.

या तिघांपैकी एकाच्याही हातात तुमच्यापुढची चकती नव्हती. बेल्त्रामीने या भूमितीचे नकाशे १८६८ मध्ये मांडले, आणि पोंकारेने १८८० च्या दशकात ते गणिताच्या मुख्य प्रवाहात आणले. गाउस १८५५ मध्ये, लोबाचेव्हस्की १८५६ मध्ये आणि यानोश बोयोई १८६० मध्ये गेले होते. त्यांनी होरोसायकल ओळखली ती चित्राशिवाय, केवळ तर्काने, ‘वर्तुळ मोठे होत गेले तर त्याचे काय होते’ असे विचारून. म्हणून तुम्हीही चित्रात अडकलात तर चित्र बाजूला ठेवा आणि स्टिअरिंगला विचारा.

सरावासाठी एक काम देते. डच चित्रकार एशर याचे १९५९ चे ‘सर्कल लिमिट ३’ हे लाकूडठशाचे चित्र इंटरनेटवर सहज मिळते. चकतीत रंगीत मासे एकामागून एक पोहत आहेत आणि त्यांच्या पाठीवरून पांढरे कंस गेले आहेत. पाहणाऱ्याला वाटते, या हायपरबोलिक सरळ रेषा. चित्र छापून घ्या, एक कंस परिघाला भिडतो तिथे परिघाची स्पर्शिका काढा आणि कोनमापक ठेवा. ९० येणार नाही, सुमारे ८० येईल. कॉक्सेटर या भूमितिज्ञाने १९७९ मध्ये हा कोन नेमका काढून दाखवला. आता वरची किल्ली वापरून त्या कंसाचे नाव, त्याची वक्रता आणि त्याच्या सोबतच्या, म्हणजे परिघाला त्याच दोन बिंदूंत भिडणाऱ्या, सरळ रेषेपासूनचे अंतर काढा. वक्रता ०.१७४ आली पाहिजे आणि अंतरही जवळपास तेवढेच, ०.१७६. दर एककाला मासा जेमतेम दहा अंश वळतो आहे.